मीठ माझं, पाणी त्यांचं

आमच्या बेलवलीच्या वाचनालयाचा अंक निघतो. त्यात दरवर्षी कुणीतरी प्रवासाचं लिहितं. मागच्या अंकात एका मास्तरांनी सिंगापूर लिहिलं, त्याआधी कुणी केदारनाथ. मी उल्हासनगरला गेलो होतो. हसू नका. बेलवलीहून उल्हासनगर म्हणजे माणूस सकाळी पडदे घ्यायला जातो आणि दुपारी जेवायला घरी असतो. मला नीट घरी यायला पंधरवडा लागला. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, बाकीचं आहे तसं ठेवावं.

आधी गाडीचं सांगतो. गाडी म्हणजे बॅटरीवरची स्कूटर, आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाची. रंग माझ्या पसंतीचा नाही, गुणाबाईच्या. गुणाबाई माझी बायको. शिमग्याच्या आधी गेली. तिचे गुडघे कामातून गेले होते, शेअर रिक्षात चढताना दोन माणसांनी हात द्यावा लागायचा. तिनंच डोक्यात घेतलं. म्हणाली, "अवो, आवाज न करनारी गाडी आली हाय. तीच घेऊ. तुमच्या जुन्या फटफटीवर मी मागं बसून जन्मभर बोलले, तुम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाय. जनीकडं जाऊ हिच्यावर." जनी म्हणजे तिची धाकटी बहीण, अंबरनाथ पश्चिमेला असते. आम्ही दोघं उल्हासनगरला जाऊन गाडी नोंदवून आलो. गाडी यायच्या आत गुणाबाई गेली.

आता आमच्यातली एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे वाडवडील खाडीकाठचे, मिठागरावर राबलेले. नंतर इकडे भातशेतीला आले, पण मीठ सुटलं नाही. घरात काही नवं आलं, पाळणा असो, बैलगाडी असो, की त्याला खडेमिठाची पुरचुंडी बांधायची. दुसरे लोक लिंबू-मिरची बांधतात, आम्ही मीठ. बांधायची घरच्या बाईनं. गाडी नोंदवून आलो त्याच संध्याकाळी गुणाबाईनं जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि पुरचुंडी बांधून पिठाच्या डब्यावर ठेवली. मी म्हटलं, "अगं, गाडीचा पत्ता नाही अजून." म्हणाली, "मग काय झालं? गाडी येईल तेव्हा माझे हात पिठात असतील."

गाडी आणायला मी एकटा गेलो. शोरूममध्ये नीलेश नावाचा माणूस आहे, तिशी-पस्तिशीचा, गाड्या दुरुस्त करायचं सगळं तोच बघतो. त्यानं हार घातला, नारळ फोडला आणि विचारलं, "काकी नाय आल्या?" मी नाही म्हटलं. खिशातून पुरचुंडी काढली आणि पुढच्या डिकीत, हँडलच्या खाली झाकण असलेला जो कप्पा असतो, त्यातल्या हुकाला अडकवली. नीलेश म्हणाला, "मस्त काका! आता नजर नाय लागणार." हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा.

गुरुवार, बेलवली ते अंबरनाथ

गणपती गेल्यावरची गोष्ट. पाऊसभर गाडी अंगणात होती, जवळपासच फिरवायचो. जनीकडे जायचं म्हणून गुरुवारी निघालो. परसातली पडवळं पायाशी पिशवीत ठेवली. गुणाबाई बहिणीकडे रिकाम्या हातानं कधी गेली नाही.

ऊन पडलं होतं. बदलापूर सुटून अंबरनाथच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला डोंगराची ओळ दिसते. चंदेरीचा सुळका धुऊन पुसून ठेवल्यासारखा दिसत होता. आधी या रस्त्यावरून सगळा डोंगर दिसायचा. आता टॉवर मधे येतात, डोंगर फटीफटीतून बघावा लागतो. ज्या शेतात मी मजुरीनं लावणी केली तिथं आता पोहण्याच्या तलावाची जाहिरात आहे. त्या शेतात गुडघाभर पाणी फुकट होतं.

कंपन्यांचा वास सुरू झाला म्हणजे अंबरनाथ आलं. तिथंच गाडीच्या मीटरच्या काचेवर एक कासव उमटलं. खरंच कासव. गाडी कासवासारखी चालायला लागली. मग कासव लाल झालं आणि गाडी मेली. ना आवाज, ना धक्का. जुनी गाडी मरताना खोकायची तरी.

रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. जाणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. कणसं भाजणारा म्हणाला, "चाचा, चार्जिंग खतम?" मी म्हटलं, भरलेली आहे. मोटरसायकलवरची दोन पोरं म्हणाली, "आजोबा, चार्जिंग करायची विसरलात काय?" एक बाई रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "चार्जिंग संपली वाटतं!" म्हातारा दिसला की त्याचीच चार्जिंग संपली असं लोक धरून चालतात.

शेवटी एक रिक्षावाला थांबला. तोंडात मावा, म्हणाला, "काका, टोचन मारतो. बसा गपचूप, हँडल सरळ धरा." दोरी नव्हतीच. तो आपल्या रिक्षात बसून डावा पाय बाहेर काढायचा, माझ्या गाडीच्या मागच्या पायपट्टीवर लावायचा आणि ढकलायचा. पुढं मी, मागं रिक्षा, मधे त्याचा पाय. अंबरनाथच्या पुलावर चढ आला तेव्हा तो ओरडला, "काका, तुम्ही काय खाता? जड आहात!" मी म्हटलं, "पडवळं आहेत." पश्चिमेला जनीच्या गल्लीपर्यंत त्यानं आणून सोडलं. पैसे घेईना. दोन पडवळं घेऊन गेला.

अंबरनाथ पश्चिम, जनीच्या घरी

जनी दारातच उभी. बहिणीसारखीच बुटकी, आणि तोंडानं बहिणीपेक्षा वरचढ.

"भावजी, ही काय वरात? मागं ढकलणारा कोन होता?"

"मला काय ठाऊक. चांगला माणूस होता."

"नवी गाडी ना? जल्ली ती गाडी! ताईनं रंग बघून घेतली, दुसरं काय."

सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. भाकरी तीच, दोघींच्या आईची, कडा पातळ आणि मधे फुगलेली. मी दुसरी मागितली नाही. जनीनं न विचारता वाढली.

जेवून कंपनीच्या नंबरावर फोन लावला. एक बाई हिंदीत म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी म्हटलं, "बाई, मग बोला." ती पुन्हा तेच म्हणाली. जनी पोट धरून हसली. "अवो, ती मशीन हाय! मशीनशी भांडताय?" शेवटी खरा माणूस आला. उद्या टेम्पो पाठवतो म्हणाला, आणि पाठवला.

शुक्रवार, उल्हासनगर

टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. वालधुनीच्या कडेनं रस्ता जातो. अंबरनाथला देवळापाशी ही नदी नुसती ओढा दिसते. पुढं तिला निरनिराळे रंग चढतात. ड्रायव्हर म्हणाला, काल तांबडी होती. त्या दिवशी काळी होती.

उल्हासनगर मला आवडतं. लोक नावं ठेवतात, पण तिथला माणूस दुकानात आलेल्याला उभा ठेवत नाही. आमच्यात कुणी आलं की पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. सिंधी माणूस भाजलेला पापड देतो आणि मग पाणी. शोरूमच्या शेठनंही तेच केलं. शेठ माझ्याच वयाचे, पांढरा शर्ट, मान थोडी थरथरणारी. येणारेजाणारे त्यांना साईं म्हणतात. "बैठो काका, पहले पापड खाओ," म्हणाले. "गाडी कुठं पळून जात नाही." मी म्हटलं, "तेच तर दुखणं आहे." ते हसले, आणि फोनवर बोलत आत गेले.

नीलेशनं गाडी आतल्या शेडमध्ये घेतली. पुढचं पॅनल उघडलं. मी बाकावर बसलो होतो, पापडाचा तुकडा हातात. त्यानं हाक मारली.

"काका, जरा इकडं या. हे काय आहे?"

पुढच्या डिकीत गुणाबाईची पुरचुंडी. हिरवा काठ काळा पडलेला, ओलाकच्च. तिच्या खालून एक पांढरा ओघळ मागच्या फटीत शिरलेला. फटीच्या पलीकडं जाड वायरींचा जोड होता. त्यावर पांढरं-हिरवं किटण चढलेलं.

"पुरचुंडी आहे. तूच बघितलीस त्या दिवशी."

"आत मीठ आहे? काका, सॉरी. वॉरंटी गेली. बाहेरची वस्तू, बाहेरचं नुकसान. कंपनी नाय देणार. मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरपर्यंत गेलंय, खर्च तुम्हालाच करावा लागेल."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे मीठ नाही. तुमच्या हलक्या तारेचा गंज आहे. मिठाचं मला शिकवू नकोस. आमच्या सात पिढ्या मिठात गेल्या." आणि त्याच्यासमोर ते किटण बोटावर घेऊन जिभेला लावलं.

मीठच होतं.

शेडमधले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं. थुंकलो आणि म्हटलं, "मीठच आहे."

नीलेश मोठ्यानं हसला नाही, एवढं मी मानतो. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, टेन्शन नको. तुम्ही वडिलांच्या जागी. ही पुडी माझ्याकडं द्या, मी कचऱ्यात टाकतो. जोड ब्रशनं साफ करतो, मग फोटो काढून कंपनीला पाठवतो. पुडी नव्हतीच. त्यांना काय घंटा कळतंय? वॉरंटीत बसवून देतो. बस, तुम्ही कुठं बोलू नका."

भल्यासाठीच बोलत होता. पण पुडी नव्हतीच, हे मला सोसेना. ती होती. डब्यावर होती, खिशात होती, पाऊसभर माझ्या पुढ्यात होती. तिला कचऱ्यात टाकायची आणि वर म्हणायचं नव्हती. मी म्हटलं, "कचऱ्यात तू जा." वयाला शोभलं नाही, पण गेलं तोंडातून. पुरचुंडी हुकावरनं काढली, पापडाच्या कागदात गुंडाळली आणि बाहेर पडलो. गाडी तिथंच राहिली.

परत अंबरनाथ

रिक्षानं जनीकडे आलो. आदल्या दिवसाची पिशवी तिच्याकडेच होती. तिला सगळं सांगितलं. तिनं कागद उघडून पुरचुंडी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"भावजी, पावसाच्या आधी सोडली नाय?"

मी कागद पुन्हा गुंडाळायला लागलो.

तिला कळायला वेळ लागला नाही. पुरचुंडी आमच्यात कायमची बांधत नाहीत. दर अमावस्येला सोडायची, जुनं मीठ पाण्यात सोडायचं, नवं भरायचं. आणि पावसाच्या तोंडावर तर सोडायचीच, कारण दमट हवेत मिठाला पाणी सुटतं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. वैशाखाच्या अमावस्येला मी डिकी उघडली होती. गाठीवर हात ठेवला होता. गुणाबाईची गाठ निराळी असायची, बारीक, दोन वेळा फिरवून आत खोचलेली. ती सोडली की पुन्हा तशी बांधणारं कुणी नाही. झाकण लावून टाकलं. पुढच्या अमावस्येला उघडलंच नाही.

जनी म्हणाली, "आना इकडं, मी सोडते."

"नको."

"मग काय पुजायची हाय?"

"नको म्हटलं ना."

ती उठून आत गेली. भांडी जोरात वाजली. मग हात पुसत बाहेर आली आणि तिच्या दाराच्या चौकटीकडे बोट केलं. तिथंही पुरचुंडी टांगलेली, लाल फडक्याची.

"ही बगा. पाऊसभर माझ्यानं पन सोडायला झाली नाय, कंबर धरली होती. हिला पन पानी सुटलं. फडकं भिजलं, दोन थेंब उंबऱ्यावर पडले. बस. तुमच्या गाडीत ओघळ वाहिला म्हनता. एवढं पानी मिठातनं येतं काय? मीठ काय नळ हाय?"

मी चौकटीकडे बघत बसलो. माझ्या बापानं मिठागरावर जन्म काढला. मीठ आपल्या पायानं कुठं जात नाही, त्याला पाणी नेतं, हे तो सांगायचा. मला सुचायला हवं होतं. जनीला सुचलं. मी नुसता लाजून निघून आलो होतो.

"झाकन होतं ना त्या कप्प्याला?" जनीनं विचारलं.

"होतं."

"मग पावसाचं पानी आत शिरलं कुठनं? ते विचारा त्यांना. आनि भावजी, शिव्या देऊ नका. शिवी दिली की माणूस दुसरं काय ऐकत नाय."

सोमवार, पुन्हा उल्हासनगर

शनिवार-रविवार शोरूमच्या लोकांना वेळ नसतो, गाड्या घेणाऱ्यांची झुंबड असते. सोमवारी बेलवलीहून गेलो. सकाळी काही खाल्लं नव्हतं, म्हणून रस्त्यावरच्या गाड्यावर दाल-पकवान खाल्लं. मोठी कडक पुरी, वर घट्ट हरभऱ्याची डाळ, कांदा, चिंच. सिंधी लोक हे सकाळच्या पारी खातात आणि दिवसभर व्यापार करतात. आम्ही असली पुरी खाल्ली तर दिवसभर झोपू. दात शाबूत असतील तर जरूर खावी. माझे नाहीत, मी डाळीत बुडवून खाल्ली.

नीलेशनं मला बघून मान फिरवली. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन म्हटलं, "शुक्रवारी मी वाईट बोललो. चुकलं माझं."

तो म्हणाला, "ठीक आहे काका. पण वॉरंटीचं मी काय करू? तुम्हीच चाटून सांगितलंत मीठ आहे."

"मीठ माझंच. पण पाणी कुठलं?"

"कसलं पाणी?"

"तुझ्या झाकणाखाली पाणी कसं गेलं? मीठ कोरडं असतं तर खडा बनून हुकालाच राहिलं असतं. झाकण लाव आणि वरून तांब्याभर पाणी ओत. माझ्यासमोर."

"काका, असं नाय होत. गाडी पावसातच चालवायची असते, कंपनीनं टेस्ट केलेली असते."

"मग ओतायला काय भीती?"

आवाज ऐकून शेठ आले. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हाकलतात. ते नीलेशला म्हणाले, "डाल ना पानी. पानी का क्या पैसा लगता है?"

नीलेशनं झाकण लावलं, प्यायच्या पाण्याचा जग आणला आणि ओतला. झाकण उघडलं. आत पाणी. तळाशी बोट बुडेल इतकं. मग शोरूममधली दुसरी तसलीच गाडी घेतली, तिच्यावर ओतला. उघडलं. आत कोरडं ठाक.

नीलेशनं माझ्या गाडीच्या झाकणाची रबरी पट्टी बोटानं चाचपली. एका कोपऱ्यात ती दुमडून आत दाबली गेली होती. बसवतानाच. त्यानं ती ओढून सरळ केली आणि म्हणाला, "च्यायला." मग शेठकडे बघून जीभ चावली.

शेठ म्हणाले, "काका, पानी हमारा. पर नमक आपका. सच बात है ना? नुसतं पाणी असतं तर वायर एवढी खाल्ली गेली नसती."

मी म्हटलं, "खरं आहे. माझं नाही म्हणत नाही. आणि ह्या नीलेशनं त्या दिवशी पुरचुंडी बघून 'मस्त' म्हटलं. तेव्हाच सांगितलं असतं, इथं नका बांधू, तर मी नसती बांधली."

नीलेश म्हणाला, "काका, आपण स्वतःच सगळ्यांना लिंबू बांधून देतो. तुम्हाला मीठ नको म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

शेठ म्हणाले, "नीलेश, कंपनीला दोन्ही लिही. पट्टी दुमडलेली होती ते पण, मीठ होतं ते पण."

"शेठ, मीठ लिहिलं तर ते पूर्ण नाकारतील. नुसती पट्टी लिहू. मी सांगतो ना, पुडी..."

"दोनो लिख. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याचं खरं असलं, तर आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? और फोटो भी भेज. पुडी खोलकर. आत किती मीठ आहे, दिसलं पाहिजे."

नीलेशनं माझ्याकडे हात केला. दुसऱ्या हातात केबल कापायचं ब्लेड होतं. "द्या काका, एका सेकंदात."

मी पुरचुंडी खिशातच धरून होतो. परत घरी नेली असती तर कुणी अडवणार नव्हतं. गाडी स्वतःच्या खर्चानं दुरुस्त केली असती, किंवा नीलेशचं ऐकून पुडी नव्हतीच म्हटलं असतं. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. खऱ्याची तेवढी एकच वाट होती आणि तिच्यावर ही गाठ होती.

"ब्लेड ठेव," मी म्हटलं. "मी सोडतो."

बाकावर बसलो. गाठ मिठानं दगड झाली होती. नखं लागेनात. पाणी मागितलं, गाठ भिजवली. आत खोचलेलं टोक हाताला लागलं, ते दातानं ओढलं. खारट. एक फेरा सुटला, मग दुसरा. नीलेश घाई करेल वाटलं होतं, त्यानं केली नाही. शेठ शेजारी येऊन बसले. म्हणाले, "घरवाली ने बांधा था?" मी मान हलवली. गिऱ्हाईक आलं तरी शेठ उठले नाहीत.

गाठ सुटली. आत दुसरं काही नव्हतं. मीठ होतं, ओलं, मूठभर सुद्धा नाही. बाकीचं वाहून गेलं होतं. फडक्याच्या आतल्या बाजूला लुगड्याचा मूळ हिरवा रंग शिल्लक होता, जसाच्या तसा. नीलेशनं फोटो काढला. मीठ मी शेडमागच्या पिंपातल्या पाण्यात सोडलं. फडकं पिळून खिशात घातलं.

अमावस्या, बेलवलीच्या वाटेवर

कंपनीनं नीलेशला दोनदा फिरवलं. आधी नाही म्हणाले. त्यानं दोन्ही गाड्यांवर पाणी ओतून मोबाईलवर शूटिंग केलं आणि पाठवलं, त्याच्या आपल्या मनानं. मग ऐकलं. झाकण, पट्टी आणि आतला कंट्रोलर कंपनीनं दिला. खाल्लेल्या वायरी आणि जोड माझ्याकडून. माझ्या हिशेबानं बरोबर आहे. मीठ माझं होतं, पाणी त्यांचं होतं, ज्याचं त्यानं भरलं. कुणी विचारलं तर मी त्या दुकानाचं नाव चांगलंच सांगेन. कंपनीच्या फोनवरच्या बाईचं नाही सांगणार.

गाडी ताब्यात देताना शेठनी पुन्हा पापड दिला. नीलेशनं लिंबू-मिरची आणली होती, ती हँडलला बाहेरून बांधली आणि म्हणाला, "काका, तुमचं ते बांधायचं असेल तर इथं बांधा, बाहेर. पाऊस आला तर रस्त्यावर गळेल, वायरीवर नाय."

येताना अंबरनाथला थांबलो. अमावस्या होती. जनी तयारच होती, लुगडं बदलून, हातात वरणाचा डबा. म्हणाली, बेलवलीला येते, घर एकदा बघते कसं ठेवलंय. तिच्या मिठाच्या बरणीतलं खडेमीठ घेतलं आणि धुऊन वाळवलेलं हिरवं फडकं खिशातून काढलं. तिनं हात पुढं केला. मी दिलं नाही. मीच बांधलं. गुणाबाईसारखी गाठ मला येत नाही. मला बैलाच्या दाव्याची येते, ओढलं की सुटणारी. तीच मारली. दर अमावस्येला सोडायचीच आहे.

जनीनं बघितलं आणि म्हणाली, "बाईचं काम पुरुषानं केलं."

"घरात बाई नाही."

ती डबा मांडीवर घेऊन मागं बसली. गल्लीच्या तोंडाला बोलायला लागली ती थांबलीच नाही. शेजारणीच्या सुनेचं, कंबरेच्या औषधाचं, नळाच्या पाण्याचं. दोघी बहिणी लहानपणी करवंदांना डोंगरात जायच्या, तेव्हा गुणा एकदा वाट चुकून मलंगगडाच्या बाजूला उतरली होती, त्याचं. हे मला कधी माहीत नव्हतं. कदाचित जुन्या गाडीवर गुणाबाईनं सांगितलं असेल. फटफटीच्या आवाजात गेलं असेल.

उजव्या हाताला डोंगर फटीफटीतून दिसत होते. गाडीला आवाज नव्हता.

"भावजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हटलं. "बोल."